न फोडलेला हंबरडा

मोठीमायच्या अंगणातल्या गोवऱ्यांना माणसांची नावं होती. शेणाचा गोळा उचलायचा, दोन्ही तळव्यांत फिरवायचा आणि भिंतीवर फाडकन मारताना म्हणायचं, "हा मुन्शी." पुढचा गोळा, "हा पत्रकार." मग पुन्हा मुन्शी. भिंत भरेपर्यंत आलटून पालटून हे दोघंच. वाळल्यावर चुलीत घालतानाही कोणती गोवरी कोणाची हे तिला बरोबर माहीत असे. चहा लवकर उकळला की ती समाधानानं सांगायची, आज मुन्शी चांगला जळला. पावसाळ्यात एखादी गोवरी नुसतीच धुमसत राहिली की तो पत्रकार, हे ठरलेलं. तो कामाच्या वेळी फक्त धूर करतो, असं तिचं मत होतं. हे सगळं ती मोठ्यानं, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची. चोरून डूख धरणारी ती बाई नव्हे.

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात तिचं घर. धानाच्या थोड्या बांध्या, एक गाय, दारात कोंबड्या. एकच मुलगी, ती देवरीकडे दिलेली. बाई हाडानं काटक, रंगानं काळीसावळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या रागाला मुदत नव्हती. लहानपणी तिच्याकडे सुट्टीला गेले असताना कोंबड्यानं माझ्या पायाला चोच मारली. मी रडत आत आले. दुपारी ताटात रस्सा पडला तेव्हा तिनं मला विचारलं, आता बरं वाटते का? मला खरंच बरं वाटलं होतं. माझ्या आईला मात्र ते आवडलं नाही. एवढ्याशा लेकरात सूड घालू नको, असं ती बहिणीला म्हणाली. मोठीमायनं तिला वाटीत आणखी रस्सा वाढला.

पण मुन्शी आणि पत्रकार हे काही कोंबड्याच्या चोचीचं प्रकरण नव्हतं.

उन्हाळ्यात तिच्या गावची सगळी बायकामाणसं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. तोडलेल्या पानांचे पुडके बांधून ठेकेदाराच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, नेऊन द्यायचे, तिथं बसलेला मुन्शी ते मोजून घेतो. कोणत्या बाजूला पान चांगलं आलं आहे, आज कुठं जायचं, हेही मुन्शीच सांगतो. त्या वर्षी त्यानं नाल्यापलीकडचा भाग सांगितला. मोठीमाय आणि तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, दोघं गेले. मोठे बाबा पान तोडायला वाकलेले असताना वाघिणीनं त्यांना मागून धरलं. बरोबरच्या लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले, तेव्हा तिनं सोडलं. पण तोवर उशीर झाला होता. वाघिणीबरोबर पिल्लं होती आणि ती त्या नाल्यात आहे हे वनरक्षकानं आदल्याच दिवशी मुन्शीला सांगून ठेवलं होतं. त्या बाजूला माणसं पाठवू नको, असं बजावलं होतं. मुन्शीनं ते कोणालाच सांगितलं नाही. वनरक्षक पंचनाम्याला आला तेव्हा त्याच्याच तोंडून हे निघून गेलं आणि मोठीमायनं ते ऐकलं.

तेव्हा ती उभी राहिली. नवरा समोर चादरीखाली होता. आमच्याकडे अशा वेळी बाईनं कसं वागायचं हे ठरलेलं आहे. तिनं आडवं पडायचं, छाती पिटायची, बांगड्या फोडायच्या आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा आवाज काढायचा. आवाज जितका मोठा तितका संसार सुखाचा होता, असं बायका मागाहून बोलतात. मोठीमाय रडली नाही. जमलेल्या सगळ्यांसमोर, वनखात्याच्या साहेबांसमोर आणि पोलिसांसमोर तिनं मुन्शीकडे बोट करून सांगितलं, "याले माहीत होतं. गार्डानं याले काल सांगतलं होतं. यानं आमाले सांगतलं नाई." एवढंच. पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा तेच, त्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. वाघाच्या हल्ल्यात इसम ठार, परिसरात भीतीचं वातावरण, वनविभागानं गस्त वाढवावी अशी मागणी. आणि मधोमध एक वाक्य होतं, की पतीचा मृतदेह पाहताच पत्नीनं एकच हंबरडा फोडला. मुन्शीचं नाव नव्हतं. गार्डानं सांगितल्याचं नव्हतं. ती जे बोलली ते सगळं त्या एका शब्दाच्या पोटात गेलं होतं.

बातमी देणारा पत्रकार तालुक्याच्या गावी राहायचा. पेपरची एजन्सी, सोबत मोबाइल रिचार्जचं दुकान आणि फावल्या वेळात बातम्या. तो गावात आलाच नव्हता. फोनवर कोणालातरी विचारून त्यानं बातमी पाठवली होती. त्याचे परिणाम मात्र गावात आले. चौकशीला आलेल्या साहेबांनी बातमी वाचलेली होती. त्यांनी मोठीमायचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात पोलीस पाटलाला म्हणाले, बाई धक्क्यात आहे, त्या वेळी काय बोलली तिचं तिलाच माहीत नसेल. वनरक्षकाची तोवर बदली झाली होती. मुन्शी सुटला. पुढच्या हंगामात पुन्हा तोच येणार, हे गावात सगळ्यांना कळून चुकलं. पुन्हा तोच बायकांना सांगणार, आज इकडे जा, आज तिकडे जा. मोठीमायला नवऱ्याच्या जाण्याइतकाच हाही विचार खात होता. गाव दुसऱ्याच गोष्टीवरून बोलत होतं. जे तिथं नव्हते त्यांना पेपरानं तिला रडताना दाखवलं होतं, आणि जे तिथं होते ते म्हणत होते, बाईचं काळीज दगडाचं. मी एकदा तिला विचारलं, खरंच रडू आलं नाही का? ती म्हणाली, "रडली असती तं बोलली नसती. दोन्ही कामं एका तोंडानं होत नाई, पोरी."

मी तेव्हा गोंदियाला शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि शहरालगतच्या मुर्रीत खोली घेऊन राहत होते. एक दिवस दुपारी मोठीमाय दारात उभी. बसनं आली, स्टँडवरच्या ऑटोवाल्यानं "माताजी, कहाँ जाना है" म्हणून मागे लागून पिच्छा पुरवला, म्हणून त्याच्यावर राग धरून चालत आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, त्या शब्दाचा अर्थ काढून दे. मी शब्दकोश काढला. हंबरडा म्हणजे गाईनं वासरासाठी मोठ्यानं काढलेला आवाज. संस्कृतात गाईच्या आवाजाला हंभा म्हणतात, ती गाईचीच नक्कल आहे. त्यावरून हंबा, हंबरणं आणि मग हंबरडा. माणसं या शब्दात नंतर आली. वासरू तुटलेल्या गाईसारखं रडणं, अशा अर्थानं.

तिनं ते सगळं नीट ऐकलं. मग बाकीच्या जनावरांची चौकशी सुरू झाली. म्हैस काय करते? रेकते. बैल? डुरकतो. घोडा खिंकाळतो, कुत्र्याला लागलं तर ते केकाटतं, कोंबडा आरवतो. आणि वाघ? वाघ डरकाळी फोडतो, मी म्हटलं. वाघही फोडतो आणि बाईही फोडते, म्हणजे मारणारा आणि जिचा माणूस मेला ती, दोघांनाही पेपरवाल्यानं गुरांच्या एकाच कोठ्यात बांधलं, असं ती म्हणाली. मग तिनं मला विचारलं, की जनावराच्या प्रत्येक आवाजाला इतके शब्द आहेत, तर मी केलं त्याला काय म्हणतात?

"बोलणं," मी म्हटलं.

"मंग तेच लिवाचं होतं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती तालुक्याला उतरली आणि थेट पत्रकाराच्या दुकानात गेली. मीही सोबत होते. पत्रकार माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं विचारलं, मी रडली हे तुले कोनं सांगतलं? तो म्हणाला, कोणी सांगावं लागत नाही बाई, कोणी मेलं की ते लिहायचंच असतं. वाघ, विहीर, वीज, अपघात, काहीही असो, ते वाक्य आधीच तयार असतं. वर त्यानं असंही सांगितलं, की त्यानं तिच्या इज्जतीसाठीच ते लिहिलं. पत्नी रडली नाही असं छापलं असतं तर लोक काय म्हणाले असते? त्याला वाटत होतं की त्यानं तिच्यावर उपकार केले आहेत. मोठीमायनं चहाला हात लावला नाही. आता बातमी जुनी झाली, दुसरी काही असेल तर सांगा, असं तो शेवटी म्हणाला. सांगीन, असं म्हणून ती उठली.

दिवाळी उलटली आणि तिच्या गाईचं वासरू मेलं. मी तेव्हा सुट्टीला तिच्याकडेच होते. पहिलटकर गाय, ती पान्हा सोडेना. आमच्याकडे अशा वेळी मेलेल्या वासराचं कातडं सोलून त्यात धानाचं वाळलं तणस भरतात, चार काठ्यांचे पाय लावतात आणि ते गाईपुढे उभं करतात. गाय त्याला चाटते, शांत होते, दूध देते. शेजारचा म्हातारा सुरी घेऊन आलाच होता. मोठीमायनं त्याला थांबवलं आणि माझ्याकडून पत्रकाराला फोन लावून घेतला. जंगलाच्या बाजूची बातमी आहे, ताबडतोब ये, असा निरोप. जंगलाची बातमी म्हटल्यावर तो मोटरसायकलनं तासाभरात हजर झाला.

तिनं कोठ्याच्या दाराशी बाज टाकली आणि त्याला बसवलं. आत गाय ओरडत होती. ते मी आयुष्यात विसरणार नाही. पोटाच्या तळातून निघायचं, मध्येच फाटायचं आणि मग ती दाराकडे मान करून वाट बघत थांबायची. पुन्हा तेच. पत्रकार काही बोलायला गेला की मोठीमाय म्हणायची, आधी आयक. त्यानं घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला, उठायला गेला. तिनं बाजेसमोर पिढा टाकून, त्यावर बसून वाट अडवली होती. म्हातारा कळवळून म्हणाला, अगं मुक्या जनावराचे हाल करतेस, भरू दे ना वासरू. ती गाईकडे बघून म्हणाली, "तुहं लेकरू गेलं बाई, मले समजते. पन आज माहं एवढं काम कर." तिच्या डोळ्यांत मला त्या दिवशी पाणी दिसलं, आणि ते फक्त गाईसाठी होतं. ऊन कलेपर्यंत तिनं त्याला तिथं बसवून ठेवलं.

मग ती म्हणाली, हा हंबरडा. आता मी बोलली होती ते सांगतो, लिव. त्यानं मोबाइलवर टाइप केलं. मुन्शीला माहीत होतं, गार्डानं सांगितलं होतं, त्यानं लोकांना सांगितलं नाही. तिनं त्याला दोनदा वाचायला लावलं. जाताना त्याचं तोंड उतरलं होतं, आणि मला वाटलं, जिंकली मोठीमाय. म्हाताऱ्यानं लगेच वासरू भरलं. गाय त्याला चाटत राहिली.

दोन दिवसांनी पेपरात गाईचा फोटो आला. वासराच्या विरहानं गाईनं हंबरडा फोडला, ग्रामस्थ गहिवरले. खाली मोठीमायचं नाव "गोपालक महिला" म्हणून. मुन्शीबद्दल एक अक्षर नाही. मी रागानं पत्रकाराला फोन केला. तो ओशाळून म्हणाला, पूर्ण पाठवलं होतं ताई, गोंदिया ऑफिसवाले बोले, पुराना मामला है, गाय का अच्छा है, वो लगाओ. मोठीमायला मी कसं सांगावं हे मला कळेना. ती मात्र बातमी ऐकून घेऊन म्हणाली, "गाईचं खरं लिवलन. म्हणजे याले आयकू येते." आणि त्या दिवसापासून तिनं पत्रकाराचा नाद सोडला. गोवऱ्यांवर मात्र त्याचं नाव राहिलं.

उन्हाळा लागला. मुन्शी फळीवर आला, झाडाखाली टेबल मांडून बसला. मोठीमाय त्या वर्षी पान तोडायला गेली नाही. रोज सकाळी भाकर बांधून घ्यायची आणि मुन्शीच्या टेबलासमोर, जिथं बायका आपले पुडके उतरवतात तिथं, जाऊन बसायची. येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच वाक्य सांगायची. आवाज न चढवता, शिवी न देता. मुन्शीनं आधी दुर्लक्ष केलं, मग हाकललं, मग पोलिसांची धमकी दिली. ती म्हणाली, मी तुह्या पानाले हात लावला का? बायका सुरुवातीला खाली मान घालून निघून जायच्या. हंगाम पंधरवड्याचा, वर्षाचं मीठमिरची त्यातूनच निघायचं. काहीजणी वैतागल्या सुद्धा. पण एक वाक्य रोज कानावर पडलं की ते जंगलातही सोबत येतं.

एका सकाळी मुन्शीनं पुन्हा नाल्याची बाजू सांगितली. एक बाई निघाली आणि अर्ध्या वाटेतून वळून नव्या वनरक्षकाच्या झोपडीकडे गेली. त्याला विचारलं, नाल्यात काही आहे का? तो म्हणाला, ठसे दिसले आहेत, मी मुन्शीला कालच सांगितलं. ती बाई फळीवर परत आली, मोठीमायच्या शेजारी उभी राहिली आणि मोठीमायचंच वाक्य म्हणाली. मग दुसरी म्हणाली. जंगलात गेलेल्यांना हाका मारून परत आणलं. बायकांनी बांधलेले पुडके टेबलासमोर उधळून दिले आणि घरी निघून गेल्या. नवा माणूस येईपर्यंत आणि गार्ड स्वतः येऊन सांगेपर्यंत एकही पान तुटणार नाही, असं त्यांनी ठेकेदाराला कळवलं. पान वाळायला लागलं तसा ठेकेदार हलला. मुन्शीला काढलं, आणि पुन्हा त्या पट्ट्यात त्याला कोणी कामाला ठेवलं नाही. त्या दिवशी मोठीमायनं गुलगुले तळले आणि गल्लीभर वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर खरं कारण सांगितलं.

मला वाटलं होतं, आता तरी भिंतीवरचा मुन्शी उतरेल. तो उतरला नाही. काम गेलं तर काय झालं, कबूल कुठं झाला, असं ती म्हणायची. लोक सांगायचे, आता सोड. सोडणं म्हणजे काय हे तिला खरोखरच कळत नसावं. मी तिला कधी सोड म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते सुटायला नको होतं.

काही वर्षांनी मुन्शीला लकवा मारला. मी सुट्टीत मोठीमायकडे होते तेव्हा त्याचा मुलगा आला. बाप जाण्याच्या वाटेवर आहे, जीव अडकला आहे, तुमची माफी मागायची म्हणतो. मोठीमायनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि निघाली. मी मागे. मुन्शीच्या अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती. तो ओसरीवर खाटेवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यानं एक चांगला हात दुसऱ्या मेलेल्या हाताला जुळवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, बाई, माफ कर.

"आधी सांग," मोठीमाय म्हणाली. "मोठ्यानं सांग. या सगळ्यायले आयकू गेलं पाहिजे."

त्याला बोलायला फार वेळ लागला. मुलगा म्हणाला, राहू द्या ना, त्रास होते त्याले. तिनं मुलाकडे पाहिलंही नाही. शेवटी तो बोलला. मला माहीत होतं. गार्डानं सांगितलं होतं. नाल्यात पान चांगलं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. एकेक शब्द जड, वाकडा, पण अंगणातल्या सगळ्यांना कळला. त्याची बायको दाराआडून ते ऐकत होती. तिनं पदर तोंडात घातला.

मोठीमाय उठली. फाटकापर्यंत मुलगा मागे आला आणि रडवेला होऊन विचारू लागला, माफ केलं ना मोठीमाय? एक डाव म्हना तरी.

"ज्याचा जीव गेला त्याले माफी मांग म्हना," ती म्हणाली. "भेट होईनच आता."

मला तेव्हा तिची भीती वाटली आणि तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की वाटेत मी तिचा हात धरला. ती म्हणाली, उन्हाचं चाल लवकर. मुन्शी त्याच आठवड्यात गेला. त्याच्या मातीला ती गेली नाही, आणि मुलीलाही तिनं जाऊ दिलं नाही.

परवाच्या पावसाळ्यात मोठीमाय गेली. शेवटचे दिवस ती मुर्रीला माझ्याकडेच होती, खाणं सुटलं होतं, बोलणं कमी झालं होतं. भेटायला येणारे लोक मला बाजूला घेऊन सांगायचे, तिच्या मनातलं काढून घे, असे राग घेऊन माणूस जाऊ नये. मला हे लोक आवडत नव्हते. तरी एका दुपारी तिच्या उशाशी बसून मी विचारलं, मोठीमाय, कोणाला काही सांगायचं राहिलं का?

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं थेट.

"सांगून झालं," ती म्हणाली, आणि कूस बदलून तिनं भिंतीकडे तोंड केलं.